तटलेला माग

मेलेल्या माणसाच्या हातमागावर मी जाऊन बसले, आणि तेही चेष्टा करायला. एवढा खुळेपणा माझ्याच हातून व्हायचा होता. नुकतीच लग्न होऊन निपाणीकडच्या खेड्यातून शहापुरात विणकरांच्या घरी आले होते. अक्कल माहेरच्या खुंटीवर टांगून आले असणार. जीभ मात्र न विसरता बरोबर आणली होती.

त्या जिभेला एकच काम, सासरच्या बोलण्याला हसायचं. आमच्या गावात 'तटलं' म्हणजे तंबाखूची गाडी चिखलात रुतली. इथं मागावरचा धोटा अडला तरी तटला, ठरलेली सोयरीक रखडली तरी तटली. गाठीच्या तापात, प्लेगच्या साथीत, सगळी पेठ माळावर झोपड्या टाकून राहिली होती. तिथंच थोरले दीर गेले. घरी परतल्यावर सासू कुजबुजली, "त्येचं तटलंय गं." म्हणजे जीव घरातून निघत नाही. माझ्या माहेरी असल्याला 'लागिर' म्हणत, पण ते माणसाला धरायचं. मागाला धरलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. फिस्सकन हसले.

दिरांनी अर्धं विणलेलं लुगडं मागावर तसंच होतं. ते कापायचं नाही, घरच्याच हातानं पुरं करायचं, मगच जीव सुटतो, अशी तिथली रीत. घरचा हात म्हणजे माझा नवरा, आणि तो मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडायलाच भ्यायचा. थोरली जाऊ दिवसभर मागासमोर बसून राही. तेराव्यापासून ती कुणाशी अक्षर बोलली नव्हती. भाकरी हातातच वाळून जाई. "आता हीबी जाणार बघ," सासू म्हणायची.

एका दिवेलागणीला जाऊ आत चुलीपाशी होती. धाकट्या नणंदेला भिववावं म्हणून मी खड्ड्यात उतरले. घरातल्या प्रत्येकाच्या मागावरच्या ठोक्याची नक्कल मला यायची. थोरल्या दिरांचा दोन जड, मग जरा दम खाऊन एक हलका. तस्साच दिला. नणंद किंचाळत परड्यात पळाली. मला बाईसाहेबांना आणखी चेव आला.

मान वर केली तर दारात जाऊ. हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. दीर दमले की ती हेच घेऊन यायची. मोकळं कपाळ, आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं. मागं वळून बघायचं धाडस मला झालं नाही. खाली पावडीवर माझ्या पायांशेजारी आणखी दोन पाय आहेत, असं वाटत राहिलं. अजूनही कुठं दोन जड ठोके ऐकू आले की तिसरा पडेपर्यंत माझा घास घशाखाली उतरत नाही.

सासू धावत आली. "भवाने, ऊठ आदुगर! खेळ वाटला व्हय तुला?"

"आक्का, चुकलं माझं," मी जावेला म्हणाले. हात थांबले होते.

जाऊ जवळ आली. तांब्या खड्ड्याच्या काठावर ठेवला, मी घातलेल्या वेड्यावाकड्या धाग्यांवरून बोट फिरवलं आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं:

"एवढं घाण त्येंनी कधी इणलं न्हाई गं. पर ठोका त्येंचाच हाय. थांबू नकोस, मार की."