एनोरा आत्याची कानस

एनोरा आत्याच्या डोक्यात राग शिरला की तो भाड्याने राहत नसे, घरच बांधी.

आमच्या फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर खडकांना टोपीसारख्या गोगलगायी चिकटलेल्या असतात. त्यांना आम्ही बेर्निक म्हणतो. बाकीचे त्या लोण्यात परतून खात. आत्या कवचं धुऊन सार्डिनच्या रिकाम्या डब्यांत जातवार लावी. वर भोक आहे का, कडेला चीर आहे का, आतली घोड्याच्या नालेसारखी खूण कुठल्या बाजूला उघडते, एवढं पाहून ती जात सांगे. शिक्षण चौथीपर्यंत, पण चुकत नसे.

एकदा नवऱ्याच्या शेवंडं धरायच्या सापळ्यात तिला नखाएवढं, कडेला चीर असलेलं कवच सापडलं. असं तिने आजवर पाहिलं नव्हतं. गावच्या शंखशिंपले मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर मोर्वान यांना तिने ते दाखवलं.

"फुटकं आहे गं," डॉक्टर म्हणाले. "राहू दे माझ्याकडे."

पुढच्या वर्षी तेच कवच नवी जात म्हणून छापून आलं, डॉक्टरांच्या एकट्याच्या नावावर.

"जाऊ दे ना, आत्या," मी म्हणायचे.

"तुला बोलायला काय जातंय? तुझं काय चोरलंय त्याने?"

डॉक्टर टेबलावर कवचं मोजत, खडकावर गुडघे टेकत नसत. बेर्निक पाण्याजवळ चपटी वाढते आणि वर कोरड्यात उंच, जात तीच, हे त्यांना ठाऊक नव्हतं. काही वर्षांनी आत्याने ओहोटीला खालच्या चाळीस चपट्या सोडवल्या, प्रत्येकीच्या तिसऱ्या कंगोऱ्यावर कानशीने खाच पाडली आणि डॉक्टरांच्या रविवारच्या फेरफटक्याच्या वाटेवरच्या उंच खडकावर त्या बसवल्या. बऱ्याच मेल्या. नऊ जगल्या. तीन वर्षांत त्यांच्या चपट्या माथ्याला खाली उभा घेर आला, आणि डॉक्टर गळाला लागले, नऊही घरी घेऊन गेले.

नगरभवनात सभा भरली. डॉक्टर मोठ्या थाटात वाचत होते, "माथा चपटा, घेर उभा. तिसऱ्या कंगोऱ्यावर बारीक खाच, सर्व नमुन्यांत. हे या जातीचं खास लक्षण!" मला हसू आवरेना. आत्याचा हात पिशवीतल्या कानशीवर होता.

मग त्यांनी फळ्यावर नव्या जातीचं लॅटिन नाव लिहिलं: पटेला एनोरे.

"अकरा वर्षांपूर्वी मी एनोराबाईंचा शोध लाटला," ते म्हणाले. "आज त्याची भरपाई करतोय."

टाळ्या पडल्या. आत्या उठली. मी तिचं मनगट धरलं. "बस खाली. माफी मागतायत ते. तुझं नाव लागलंय!"

"माझ्या चीरवालीला लावायचं होतं. या खोटीला नव्हे."

मनगट सोडवून ती पुढे गेली. कानशीची कड तिने टेबलावरच्या एकेका कवचाच्या खाचेत बसवून दाखवली. नऊच्या नऊ खाचांत ती बसली.

"तुमचं खास लक्षण मी पाडलंय, डॉक्टर. या आपल्या रोजच्याच बेर्निक. खालून उचलून मीच वर बसवल्या."

आधी कुणीतरी खोकलं, मग सगळं सभागृह हसलं. म्हातारे डॉक्टर खुर्ची शोधू लागले.

"बसू नका. आधी ते नाव पुसा."

फळा पुसायचं फडकं तिच्या हाताशी होतं, तिने दिलं नाही. त्यांनी कोटाच्या बाहीने पुसायला घेतलं, आणि शेवटचं अक्षर जाईपर्यंत आत्या तिथेच उभी राहून बघत होती.