हुडहुडी भरलेली बटणं

मातीच्या साच्यातून पहिली चितई पिठा, तांदळाची जाड आंबोळीच ती, निघाली, तोच दाराची कडी वाजली. लुत्फाने तांदळाच्या पिठाचा हात पदराला पुसला. थंडीत सकाळी आठाला जशोरमध्ये कुणी कुणाच्या दारात जात नाही. खजुरीचा रसवाला तेवढा येतो, पण तो सहालाच रस देऊन गेला होता.

दार मनसूरने, तिच्या नवऱ्याने उघडलं. तौहीद आला होता. बाजारात चार कॉम्प्युटर मांडून तो ढाक्याच्या कंपन्यांची वेबसाइटची कामं घेई आणि वाटून देई. दोन महिने त्यातलं थोडं लुत्फाकडेही येत होतं. तौहीद बाहेरच्या खोलीत बसला, आवाज खाली आणला; पण मधे होता नुसता पडदा.

"मनसूरभाई, भाबींना जरा जपून सांगा. ढाक्याहून बटणं परत आलीत. माउस वर नेला की बटणाला हुडहुडी भरते, म्हणतात."

"थंडीच आहे तशी," मनसूर म्हणाला.

"चेष्टा नको. दहाला उत्तर द्यायचंय. माझ्याकडच्या रफीककडून करून घेतो मी. भाबींना पुढे कधी फुलंबिलं असली की देईन."

फुलंबिलं! लुत्फाने साचा चुलीवरून खाली उतरवला. अकरा वर्षं ती कांथ्यावर, भरतकामाच्या गोधडीवर, नक्षी आखत होती. तिने आखून दिल्याशिवाय चार गावच्या बायका सुईत दोरा ओवत नसत. हे काम आज हातचं गेलं, तर कॉम्प्युटरवर पुन्हा फुलंच वाट्याला येणार, हे तिला दिसत होतं. तिने पडदा सारला.

"फुलं नकोत. बटणं दाखवा."

आतल्या खोलीत तिच्या भावाने मागे ठेवलेला जुना कॉम्प्युटर होता. तौहीदने पान उघडलं आणि माउसचा बाण बटणावर नेला. बटण उजळलं, पण जागचं हललंही. दाबलं तर पुन्हा हललं. सासूबाई चष्मा सावरत सुनेच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अगं बौमा, हे तर माझ्या दातासारखं हलतंय!"

लुत्फाने फोटोशॉप उघडून चित्र मोठं केलं. प्रत्येक बटणाची तीन रूपं होती: साधं, बाण वर आल्यावरचं, दाबलेलं. ती तिन्ही तिने वेगवेगळी काढली होती. एकाचा कोपरा केसभर जास्त गोल, दुसऱ्याची कड केसभर खाली.

"तिन्ही हाताने काढलीत?" तौहीदने कपाळाला हात लावला. "भाबी, कॉपी का नाही केली?"

"कॉपी म्हणजे कामचुकारपणा ना?"

ती खरंच तसं समजत होती. आई सांगायची, एक पाकळी हुबेहूब दुसरीसारखी आली, की तो कांथा बाजारचा. सात बटणं, एकवीस रूपं. लुत्फाने एकेक जीव ओतून वेगळं काढलं होतं.

"नऊला लाईट जाईल. चाळीस मिनिटांत कसं होणार? रफीकला—"

"आम्मा, यांना पिठा वाढा. तोंड रिकामं राहू देऊ नका."

"ये रे," सासूबाई म्हणाल्या, "रसात भिजवलीय. नुसतं बघत बसलास तर दृष्ट लागेल हिच्या कामाला."

लुत्फा कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिला आठवला खाका. पातळ कागदावर नक्षी काढायची, रेघेरेघेवर सुईने भोकं पाडायची आणि रॉकेलमधे कालवलेली नीळ वरून पुसायची. एका खाक्यावर पन्नास कापडं उठतात. त्यात कुणी कामचुकारपणा बघितला नाही; वेगळेपण येतं ते टाक्यात. बटणाचा आकार म्हणजे खाका. उजेड आणि सावली म्हणजे टाका.

तिने जुनं सगळं पुसलं. गोल कोपऱ्यांचा एकच चौकोन काढला, त्याच्याच दोन कॉप्या काढून तिन्ही थर एकावर एक ठेवले. एका थराला वरून उजेड दिला, दुसऱ्याची सावली आत वळवली. आकाराला बोट लावलं नाही. मग वरचा थर झाकून-उघडून पाहिला. उजेड बदलला, कड जागची हलली नाही. पुढची सहा तिच्या हातून सरसर उतरली. पाठ अवघडली तरी ती उठली नाही.

नवाला सात मिनिटं कमी असताना तौहीदने बाण एकेका बटणावरून फिरवला. दोनदा फिरवला. मग फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या. तो खिशात जातो न जातो तोच लाईट गेली.

तौहीद दारात चपला घालता घालता म्हणाला, "मनसूरभाई, भाबींना सांगा, काम चोख झालंय. पुढची बटणंही त्यांच्याकडेच पाठवतो."

भाबी हातभर अंतरावर उभ्या होत्या.

"तौहीदभाई, एक मागणं आहे."

"दर वाढवायचा असेल तर भाबी, ढाक्याला विचारून—"

"दराचं नाही. माझ्या कामात चूक निघाली, तर ती आधी मला सांगा."