कालवडीचे कान

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, घरीसुद्धा नाही. नोकरीतल्या बाकी घटना पुसट झाल्या. मोखाड्याच्या डोंगरातली ही एक मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

लम्पीच्या साथीत जनावरं मेली होती आणि सरकारने तातडीची मदत थेट खात्यांवर जमा केली होती. खोटे दावे पकडा, असा वरून रेटा होता. अशात आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर मदत घेतलेली गाय जिवंत चरतेय, कानातल्या सरकारी बिल्ल्याचा नंबर ताडून बघा.

आम्ही गेलो. माळावर कालवड चरत होती. हवालदाराने जवळ जाऊन बिल्ला वाचला, मी लांबच थांबलो. बिल्ला पिवळा, नंबर मेलेल्या गाईचा. मालकाला आणि कालवडीला ठाण्यात आणलं.

"मेलेली गाय उठून चरायला लागली काय रे?" हवालदार म्हणाला. "ते औषध आम्हालाही सांग."

"ती नाय साहेब. ती गेली. ही तिची पोर."

"मग बिल्ला हिच्याकडे कसा?"

"तिचा होता. आता हिचा."

मी आवाज चढवला, दमात घेतलं, त्याला पाणीही न देता बसवून ठेवलं. तो तेवढंच सांगत राहिला. दुपारी त्याची बायको भाकरी घेऊन आली. तिला आत सोडलं नाही, तेव्हा ती दारातूनच बोलली.

"पुढं चालणारी गाय गेली का तिची घंटा पोरीला बांधतात. पाड्यात कोणाला पण इचारा. गाय पुरताना यांनी बिल्ला कापून घेतला, तो पण घंटेसंगं बांधला. सरकारचा नंबर मातीत कसा घालायचा, साहेब?"

मी आवारात गेलो. बिल्ला कालवडीच्या गळ्यात होता, लाकडी घंटेच्याच दोरीत ओवलेला. मी तिचे दोन्ही कान चाचपले. कुठेही भोक नव्हतं, म्हणजे हिच्या कानात बिल्ला कधी टोचलाच नव्हता. चोराने बिल्ला लपवला असता. याने तो सगळ्यांना दिसेल असा मिरवत ठेवला होता. तिथेच माझ्या सगळं लक्षात आलं.

पण तोवर वरच्या साहेबांचा शाबासकीचा फोन येऊन गेला होता. जव्हारच्या पत्रकारांना बातमी मीच दिली होती. मी दोरी कापली, बिल्ला पाकिटात सील केला आणि पंचनाम्यात 'डाव्या कानात बिल्ला' असं लिहायला सांगितलं. पंचांनी न बघता सह्या केल्या.

त्याचं खातं गोठवलं गेलं. त्या पैशांतून पेरणीआधी जोडीचा दुसरा बैल घ्यायचा होता. बैल आला नाही, रान पडीक राहिलं. नवरा-बायको भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. फोन करणारा दलाल होता, मदतीतला हिस्सा न मिळाल्याने चिडलेला. हे मला पुढे कळलं. तेही मी कागदावर येऊ दिलं नाही.

खोटं बोलणारा दर खेपेला थोडं वेगळं सांगतो, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. हा माणूस दिवसभर एकच सांगत होता. मला माणसं ओळखता येत नव्हती असं नाही. ओळखूनही मी त्याला गुन्हेगार केलं. त्या प्रकरणाने मला माझ्याबद्दल एवढंच शिकवलं.

पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांना तब्येतीचं कारण सांगितलं.

खटला अजून उभा आहे, माझी साक्ष व्हायची आहे. कालवडीच्या कानाला भोक नव्हतं, हे एक वाक्य मी त्या माणसाला शपथेवर देणं लागतो.