मोंबासाच्या सुपाऱ्या

आमच्या घरात लग्न, म्हैस आणि परदेश या तिन्ही गोष्टी दुकानाच्या तराजूवर ठरत.

रीत आप्पांची. (आप्पा म्हणजे माझे वडील, उमापुरात आमचं किराणा दुकान.) ज्याला जे म्हणायचं ते बोलायचं आणि आपल्या बाजूच्या पारड्यात एक सुपारी टाकायची. जे पारडं खाली, ते खरं. माल दुकानातून जातो आणि वजनं राहतात, म्हणून मालाचं पारडं 'जायचं', वजनांचं 'राहायचं'!

त्या वर्षी आफ्रिकेतून, मोंबासाहून, बायकोच्या मामांचं पत्र आलं: इथल्या दुकानात विश्वासू माणूस हवाय, जावईबापूंना धाडा. मला तर जायचंच होतं! (तोवर माझा सर्वांत लांबचा प्रवास बीडचा. तिथंही कचेरीमागं रस्ता चुकलो होतो.) पण माय डोळ्याला पदर लावून बसलेली. म्हणून मी गुपचूप 'जायचं'च्या पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवला.

बाजाराचा दिवस होता. गिऱ्हाइकं गंमत बघायला थांबली. आणि दुकानदाराच्या पोटी जन्मून मी एक गोष्ट साफ विसरलो होतो: तोलण्याआधी रिकामा तराजू उचलून दाखवायचा असतो! आप्पांनी उचलला. मालाचं रिकामं पारडं भसकन खाली गेलं.

कोंडिबा नावाचं जुनं गिऱ्हाईक पुढं सरकलं. "आप्पा, परवा ह्याच तराजूवर गूळ नेलता मी!"

"आन् मी मीठ!" मागून कुणीतरी ओरडलं.

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. जन्मभराची अब्रू! मला बोलणं भाग होतं. "मेण माझं हाय. आज सकाळीच लावलंय. मोंबासासाठी!"

"बापाच्या तराजूला मेण?" आप्पा म्हणाले. "आन् मामाला विश्वासू माणूस पायजे!"

मेण खरवडून खरं तोलणं सुरू झालं.

"तितं ज्वारीची भाकर मिळायची न्हाई," माय म्हणाली. राहायच्या पारड्यात सुपारी. "आन् ह्याला बैलगाडीत उलट्या होत्यात, बोटीत काय व्हईल?" दुसरी.

"मामाचं दुकान लई मोठं हाय," बायको म्हणाली. जायच्या पारड्यात एक.

"दुनिया दिसंल!" मी दुसरी टाकली. बरोबरी!

तेवढ्यात कोंडिबानं सुपारीच्या पोत्यात हात घातला. "ह्यो गेला तर तराजू तरी सरळ राहील!" जायच्या पारड्यात टप्प! मग सगळ्या गिऱ्हाइकांनी रांगच लावली. पारडं जमिनीला टेकलं. मी जिंकलो होतो! (असा विजय शत्रूलाही मिळू नये.)

आप्पांनी कनवटीची सुपारी काढली आणि राहायच्या पारड्यात टाकली. त्या एकटीनं काय होणार? तराजू जागचा हलला नाही.

"तोल झाला. जा," ते म्हणाले आणि गुळाच्या ढेपेकडं तोंड करून बसले.

मला एकदम भरून आलं. "मी न्हाई जात, आप्पा," मी म्हणालो.

गेलो नाही, आणि बरंच झालं. भाकरी आहे, बायको आहे, उलट्या नाहीत. आता दुकानही माझं आहे आणि गिऱ्हाईकही तुटलेलं नाही. फक्त जो येतो तो आधी पारड्याखाली बोट फिरवतो, मग रामराम घालतो.