सीमेवरचा दुभाष्या

इंग्लंडात आमच्याकडे ब्रॅकनेलला येऊन महिना झाला आणि बाबांचं सगळं बघून संपलं. म्हणजे सुपरमार्केट, तळं, आणि आमच्या गल्लीतल्या एकूण एक कुत्र्याची फिरायला निघायची वेळ. फौजेत हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस; दिवसभर सोफ्यावर बसून सुनेच्या हातचा चहा पिणं ही त्यांना शिक्षाच होती. म्हणून कंपनीने मला दोन आठवड्यांसाठी उत्तर आयर्लंडात, बेलफास्टला पाठवलं, तेव्हा मी त्यांना बरोबर घेतलं. आई घरी आमच्या बाळापाशी थांबली.

बेलफास्टही ब्रिटनमध्येच, विमान देशातल्या देशात, त्यामुळे पासपोर्ट लागणार नव्हता. हे बरंच होतं, कारण माझा पासपोर्ट चार महिने क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात पडून होता. इथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी अर्ज केला होता आणि जीव टांगणीला लागला होता. अर्जात गुन्हे, अटक, शिक्षा असं सगळं विचारलेलं. मी कशात नव्हतो, तरी त्या दिवसांत मी रिकामा रस्तासुद्धा सिग्नलवर हिरवा माणूस दिसल्याशिवाय ओलांडत नसे. बायको हसायची. मला हसू यायचं नाही.

हॉटेलच्या लॉबीत सहलींची पत्रकं लावलेली होती. बाबांनी त्यातलं नेमकं एक उचललं. "सीमाभाग, एक दिवसाची गाइडेड टूर, दुपारच्या जेवणासह." वर डोंगरमाथ्यावरच्या हिरव्या पत्र्याच्या मनोऱ्याचा फोटो.

"ही चौकी आहे," बाबा म्हणाले. "इथे बॉर्डर आहे?"

"आहे. पलीकडे आयर्लंड, वेगळा देश."

"मग चल की. बागा काय बघायच्या?"

शनिवारी निघालो. चौदा सीटांची मिनीबस, बहुतेक अमेरिकन, आजोबांचं गाव शोधायला आलेले. गाइड साठीचा, किरकोळ बांध्याचा. बसही तोच चालवत होता आणि माइकवरून बोलतही तोच होता. त्याच्या इंग्रजीतलं चारातलं एक वाक्य मला निसटायचं, बाबांना एकही सापडायचं नाही. मी हळू आवाजात मराठी करून सांगत होतो.

ब्रिटिश फौज आणि आयरिश बंडखोर यांचं भांडण मिटल्याचं जाहीर होऊन काही वर्षं झाली होती, पण फौजेचे मनोरे अजून उतरवले नव्हते. सीमेलगतच्या दक्षिण आर्माच्या टेकड्यांवर ते एकामागे एक उभे होते. कॅमेरे, तारा, वाळूची पोती. रस्त्यात सुरुंग असायचे म्हणून जवानांची ने-आण हेलिकॉप्टरने व्हायची, असं गाइडने सांगितलं. आम्ही उतरलो तेव्हाही एक हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं आणि खालच्या मेंढ्यांनी मानसुद्धा वर केली नाही. पाऊस भुरभुरत होता.

सगळ्यांनी फटाफट फोटो काढले. मीही कॅमेरा काढला, तर बाबांनी माझं मनगट धरलं. "चौकीचा फोटो काढत नाहीत." मग ते स्वतः हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले. "जागा बरोबर निवडलीये. नाला दिसतो, रस्ता दिसतो. आत बसलेल्याला मात्र थंडी मरणाची." महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला होता. मला बरं वाटलं. तिकिटं काढल्याचं सार्थक झालं म्हणून मी खूशही झालो, इतका मी अडाणी.

पुढचा थांबा एका वळणावर होता. तिथे काहीच नव्हतं. सिमेंटचा एक चौथरा, त्यावर माजलेलं रान आणि एक फाटक. गाइडने इंजिन बंद केलं, माइक ठेवून दिला आणि आमच्याकडे वळून बसला. इथे पूर्वी तपासणी नाकं होतं, तो म्हणाला. पलीकडच्या शेतात त्याच्या घरची गाय व्याली होती. त्याचा थोरला भाऊ संध्याकाळी वासरू बघायला निघाला. नाक्यावरच्या सैनिकाने थांब म्हणून हाक दिली म्हणे; भावाने ऐकली की नाही, कोणाला माहीत नाही. एकच गोळी. चौकशी झाली, सैनिकाचा दोष नाही असं ठरलं, त्याची बदली झाली. त्याचं नावही घरच्यांना कधी कळलं नाही.

"आता तो माझ्याच वयाचा असेल," गाइड म्हणाला. "मला त्याची माफी नको. ती सगळेच मागतात. मला एवढंच विचारायचंय, की माझा भाऊ त्याला कधी आठवतो का."

मी हे सगळं शब्दाला शब्द बाबांना सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. थोडं गाळलं असतं तर पुढचं टळलं असतं.

बाकीचे चौथरा बघायला खाली उतरले. बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी समोरच्या सीटची दांडी धरली आणि बोलायला लागले; मोठ्याने, कारण मराठी समजणारं तिथे होतंच कोण? तोवर मला एवढंच ठाऊक होतं, की बाबा उत्तरेकडच्या डोंगरात सीमेवर होते. एकदा तिथे दिवेलागणीला, ते म्हणाले, चौकीखालच्या नाल्यातून एक माणूस वर येत होता. बाबांनी दोनदा आवाज दिला. तो थांबला नाही. हुकूम होता तसा त्यांनी गोळी घातली. माणूस आपल्याच बाजूच्या गावचा निघाला, हरवलेली मेंढी शोधत आला होता. एका कानाने बहिरा. बाबांची शिफ्ट संपली होती, पण गावकरी येईपर्यंत ते त्याच्याजवळ बसून राहिले. अंगावर आपलं कांबळं घातलं. गावकऱ्यांकडून त्याचं नाव विचारून घेतलं. ते नावही बाबांनी मला सांगितलं.

"कोणी दोष दिला नाही," बाबा म्हणाले. "तुझ्या आईलाही माहीत नाही. तू त्याला सांग, की त्या बाजूला मी होतो. आणि आठवतो म्हणावं. रोज आठवतो. हाक मारून सांग."

गाइड पुढच्या सीटवर फ्लास्कचं झाकण फिरवत होता. चार हातांवर. मी उठून त्याच्यापाशी गेलो, बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. आणि माझ्या डोळ्यांसमोर क्रॉयडन आलं. ते खाकी पाकीट, तो अर्ज, त्यातल्या चौकटी. माझा बाप एका परक्या माणसाला, भरल्या टूरमध्ये, मी माणूस मारलाय म्हणून सांगतोय. पुढे कोण काय विचारेल? अर्जातले प्रश्न माझ्याबद्दल होते, बाबांबद्दल एकही नव्हता, हे मला त्या क्षणीही कळत होतं. तरी मी घाबरलो. दुसरं काही कारण नव्हतं, मी भित्रा होतो.

"माय फादर सेज ही इज व्हेरी सॉरी फॉर युअर लॉस," मी म्हणालो.

"थँक यू," गाइड म्हणाला. "एव्हरीबडी इज." त्याने बाबांशी हात मिळवला, सवयीने मिळवतात तसा, आणि फ्लास्कमधला चहा ओतून घेतला.

आम्ही जागेवर येऊन बसलो. आईने विमानात खायला दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या अजून उरल्या होत्या. बाबांनी डबा काढला, उघडला नाही.

"मी एवढं बोललो, तू चार शब्दांत उरकलंस?"

"इंग्रजीत थोडक्यात होतं, बाबा."

"काय म्हणाला?"

"बरं वाटलं म्हणाला."

बाबांनी गाइडच्या पाठीकडे पाहिलं. "नाही वाटलं," ते म्हणाले. "बरं वाटलेला माणूस असा बसत नाही."

पुढे एका पुलापाशी गाइडने सीमा दाखवली. गेट नाही, शिपाई नाही. फक्त रस्त्याच्या कडेचा पट्टा अलीकडे पांढरा होता, पलीकडे पिवळा. सगळे अमेरिकन या देशातून त्या देशात उड्या मारून आले. बाबा बसमधून उतरलेच नाहीत.

ब्रॅकनेलला परतल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही. मात्र परत जायच्या आठवड्यात एकदा मी मागच्या दाराशी उभा असताना ते बाहेर दोरीवरचे कपडे काढत होते आणि काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, स्तोत्र असेल. हीथ्रोला, सिक्युरिटीच्या रांगेआधी, त्यांनी आईला पुढे जाऊ दिलं आणि माझ्यासमोर सावधान उभे राहिले.

"आय रिमेंबर हिम एव्हरी डे," ते म्हणाले. "सूनबाईकडून शिकलो. कशासाठी ते तिला नाही सांगितलं. उच्चार बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"तुझं परत जाणं आहे का तिकडे?"

"नाही. काम संपलं तिथलं."

"कधी गेलास तर सांग त्याला."

"सांगतो," मी म्हणालो.

पुढच्याच सोमवारी मी बेलफास्टला होतो. तिकीट तेव्हाच माझ्या बॅगेत होतं. त्याच हॉटेलात उतरलो. पत्रकं तिथेच होती, खाली फोन नंबर होता. चार दिवस येता-जाता मी त्या स्टँडकडे न बघता लिफ्ट पकडली.

परवानगीचा शिक्का आला. पेढे वाटले. दोन वर्षांनी बाबा गेले. मनोरेही उतरवले, त्या टेकड्यांवर आता नुसत्या मेंढ्या असतील. होते तोवर फोनवर बाबा दर वेळी एकदा विचारायचे, "गेला होतास का?" बेलफास्टला जाऊन आलेला मी दर वेळी नाही म्हणायचो. तेवढंच एक उत्तर त्यांना खरं वाटायचं.