गादीखालची दुर्री

अण्णांचं तेरावं काल झालं. आज त्यांची गादी उन्हात घालायला उचलली, तर खाली चौकटची दुर्री सापडली. पत्त्यांतलं सगळ्यात हलकं पान.

आमचे हे आजोबा नव्वदी ओलांडून गेले. दर दिवाळीला सगळ्या घराला पत्ते खेळायला बसवायचे आणि स्वतः मांडीखाली एक्का दडवायचे. पकडले गेले की सगळ्यात मोठ्याने तेच हसायचे. "लबाडी करायची नाही, तर खेळायचं कशाला?" असं वर आम्हालाच विचारायचे.

शेवटच्या वर्षी त्यांना आमची नावंही आठवेनात. तरी पत्ते हातात दिले की एक पान हळूच गादीखाली सरकवायचे. आम्ही एकमेकांना खुणा करून हसायचो. म्हणायचो, काही म्हणा, अण्णा आहेत तसेच आहेत. ते पान उलटून मात्र कोणी कधी पाहिलं नाही. माणूस आधी निघून जातो, त्याच्या सवयी मागून जातात, आणि मधल्या काळात आपण सवयींनाच माणूस समजून बसतो.

आईने ते पान माझ्या हातातून घेतलं.

"दुर्री गं," ती म्हणाली. "दुर्री कोण लपवतं?"