अण्णांसाठी ठेवलेलं जुनं व्हर्जन

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, माझ्याबद्दल लग्नानंतर पहिलं मत झालं ते असं की ही मुलगी दोन बोटांनी टाइप करते. अण्णांनी साताऱ्याला सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून सगळी नोकरी केली. बोटांकडे न बघता, समोरच्याशी बोलत, पानंच्या पानं बडवायचे. मी वाशीला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. तिथे मला 'मॅडम' म्हणत. अण्णा आमच्याकडे आले असले, आणि मी घरी कीबोर्डवर वाकून अक्षरं शोधायला लागले, की मागून आवाज यायचा, "सूनबाई, काय निवडताय? तांदूळ?"

सासूबाई गेल्यावर अण्णा कोपरखैरण्याला आमच्याकडे कायमचे राहायला आले, आणि वर्षाच्या आतच त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समज मात्र पूर्वीसारखीच लख्ख. डाव्या हाताने पाटीवर लिहिलेलं त्यांना स्वतःलाच लागेना. टाइपरायटरची बटणं त्या हाताला जड जायची. मग आम्ही एका पुठ्ठ्यावर पेला, पंखा, संडास अशी चित्रं चिकटवून दिली. अण्णांनी तो पुठ्ठा एकदाच बघितला आणि पालथा घालून ठेवला.

आमच्याकडे तेव्हा क्लासने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर होता. त्याचा कीबोर्ड हलका, डाव्या हाताला पेलणारा. मी क्लासमध्ये प्रोग्रॅम लिहायची सी भाषा शिकवायची, तिचं दुसरं व्हर्जन त्यावर होतं. मी चौकटीच्या कागदावर ठिपके मांडून मराठी अक्षरं काढली आणि प्रोग्रॅम लिहिला: टाइपरायटरवर जिथे जे अक्षर, तेच बटण दाबलं की तेच पडद्यावर उमटणार. अण्णांची बोटं त्या जागा विसरलेली नव्हती. आजारपणानंतरचं त्यांचं पहिलं वाक्य पडद्यावर आलं, "ळ वाकडा आहे."

मी आधी रडले, मग ळ सरळ केला.

पुढचे काही महिने घरात पुन्हा अण्णांचा शब्द चालायला लागला. "मीठ कमी." "याला केस कापायला सांग." 'हा' म्हणजे आमचे हे, तुर्भ्याच्या कारखान्यातून दमून आले की आधी पडद्यासमोर उभे राहून बोलणी खायचे.

अशात थोरल्या भाऊजींचा निरोप आला. ते गावी शेती बघायचे. म्हणणं असं, की अण्णांना आता गावी न्यावं. ह्यांना ते पटेना. इथे डॉक्टर जवळ, औषधं जवळ. शेवटी ठरलं की शुक्रवारी भाऊजी येतील, ह्यांच्या कारखान्यालाही त्या दिवशी सुट्टी असते, आणि अण्णांनाच विचारायचं. ते म्हणतील तसं. मला उत्तर ठाऊक होतं. ळ कोणी सरळ केला होता?

त्याच आठवड्यात क्लासमध्ये सीचं तिसरं व्हर्जन आलं. शिकवायच्या आधी आपल्याला यायला हवं, म्हणून मी फ्लॉप्या घरी आणल्या. कुठल्या फोल्डरमध्ये टाकू, असं मशीनने विचारलं आणि उत्तरही स्वतःच लिहून ठेवलं. इतकं शहाणं मशीन, आपण कशाला मध्ये पडा, म्हणून मी एंटर मारला. ते फोल्डर जुन्याचंच होतं. कालच्या भाजीच्या पातेल्यात आजची भाजी ओतावी तसं सगळं एकमेकांवर पडलं. आणि विद्यार्थ्यांना मी रोज बजावायची, एंटर मारायच्या आधी वाचा.

संध्याकाळी अण्णा खुर्चीत बसले. मी प्रोग्रॅम चालू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: फाइलचं व्हर्जन जुळत नाही. अक्षरं काढणारी जी फाइल माझा प्रोग्रॅम शोधायचा, तिच्या जागी त्याच नावाची नवी येऊन बसली होती. प्रोग्रॅम नव्या व्हर्जनमध्ये पुन्हा बांधून बघितला, तर त्याला माझं जुनं ढिलं लिहिणं मंजूर नव्हतं. पडदाभर चुका. अण्णांनी एक बटण दाबलं. मग दुसरं. मग हात मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं.

"होईल ना शुक्रवारपर्यंत?" ह्यांनी हळूच विचारलं.

"होईल," मी म्हटलं. कसं, ते मला माहीत नव्हतं.

क्लासच्या जुन्या फ्लॉप्या पुसून त्यांच्यावरच नवं व्हर्जन भरलेलं. पण शेवटच्या रांगेत एक मशीन होतं, पडदा सारखा लुकलुकायचा म्हणून त्याला कोणी हात लावत नसे. त्याच्या पोटात जुनं व्हर्जन जसंच्या तसं निघालं. ते थोडं थोडं फ्लॉप्यांवर उतरवून मी घरी आणलं. जागा पुरेना, तेव्हा ह्यांचा पत्त्यांचा खेळ उडवला. या वेळी दोन वेगळी फोल्डरं केली. एकाच नावाची वस्तू दोन ठिकाणी असली, तर मशीन यादीत जे ठिकाण आधी सांगितलंय तिथली उचलतं. म्हणून दोन बारक्या फाइली लिहिल्या. 'जुने' टाइप केलं की जुनं फोल्डर यादीत आधी, 'नवे' टाइप केलं की नवं. दोघं एका घरात, पण एकमेकांच्या पातेल्यात हात नाही.

शुक्रवारी सकाळी भाऊजी मार्केटला टोमॅटोचा टेम्पो खाली करून आले. हातात वांग्यांची पिशवी.

"काय अण्णा, बोलतंय का तुमचं मशीन?"

मी 'जुने' म्हटलं. पडदा उजळला. आम्ही तिघं अण्णांच्या मागे उभे. ह्यांनी विचारलं, "अण्णा, तुम्हीच सांगा. इथे की गावी?"

डावं बोट सावकाश फिरलं.

"गावी जातो."

मला वाटलं, पुढे काहीतरी येईल. आलं नाही.

"इथे काय कमी आहे, अण्णा?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," अण्णांनी टाइप केलं. बोट थांबलं, पुन्हा चाललं. "दुपारी कोणी नसतं."

आम्ही दोघं सकाळी निघायचो ते संध्याकाळी परतायचो. जेवायच्या वेळी शेजारच्या काकू डोकावून, ताट वाढून जायच्या. मधल्या वेळात दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात अण्णा आणि ते बोलणारं मशीन. दोन व्हर्जनं एका घरात नांदवल्याचं कौतुक मला उगाच वाटत होतं.

भाऊजी एरवी मोठ्याने बोलणारे. ते खाली बसले आणि म्हणाले, "तिकडं ह्ये चालायचं न्हाई, अण्णा. लाइट कवा असती, कवा नसती. परत मुकं ऱ्हावं लागंल बघा."

"माहीत आहे," पडद्यावर आलं. "पारावर माणसं असतात."

दुपारी अण्णा टेम्पोत पुढच्या सीटवर बसून गेले. पाठीला उशी मी लावली.

त्यानंतर मशीनवर चौथं व्हर्जन आलं, मग मशीनच बदललं. दर वेळी जागा कमी पडायची आणि हे म्हणायचे, "अगं, ते जुनं उडव की आता." मी म्हणायची, "राहू दे." अण्णा तपासणीसाठी अधूनमधून यायचे, भाऊजी मार्केटला जाताना सोडून जायचे. आले की चप्पल काढून, काठी टेकत आधी त्या खुर्चीकडे. पहिल्या खेपेला हे कारखान्यात होते, माझीही निघायची वेळ झाली होती. मी 'जुने' म्हटलं आणि पर्स खांद्याला लावली.

"चहा टाक," अण्णांनी लिहिलं. मग, "तुझाही टाक. बस जरा."

मी पर्स खाली ठेवली. क्लासला फोन करून सांगितलं की आजची बॅच घेता येणार नाही. चहा घेऊन त्यांच्या शेजारी बसले. अण्णा पारावरच्या कुणाची तरी हकीगत सांगायला लागले, एकेक अक्षर दाबून. मी पुढचा शब्द ओळखायचा मोह आवरून बसले होते.